दोन्हीकडून मोकळं

झाडवालीने लाकडी हातोडीने तुतीच्या बुंध्यावर टकटक केलं, कान लावला, वीतभर वर सरकून पुन्हा टकटक केलं. तिच्या मागे थोरली उभी होती, झाडवालीचं प्रमाणपत्र उजेडाकडे धरून. शिक्का खरा आहे की नाही, ते तिला बघायचं होतं. नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला शिक्का तपासल्याशिवाय चैन पडत नाही.

"तारीख उलटून गेलीय," थोरली म्हणाली.

"मागच्या बाजूला नूतनीकरण आहे, मावशी," झाडवाली कान न काढता म्हणाली. "आणि जरा गप्प बसता का? मला आतलं ऐकू येत नाहीये."

थोरलीने कागद उलटला. नूतनीकरण होतं. खाली विम्याचा कागद होता, झाडावर दोराने चढण्याचा परवाना होता, सगळं जागच्या जागी. तिला बरं वाटलं आणि किंचित हिरमुसल्यासारखंही झालं, कारण कागदात चूक सापडली की तिचा दिवस मजेत जायचा.

आठवड्याभरात आलेली ही तिसरी. पहिला कुऱ्हाड खांद्यावर टाकूनच आला होता आणि मान वर न करता म्हणाला होता, दोन तासांत आडवं करतो. दुसरा झाडापेक्षा लाकडाकडेच जास्त बघत होता. थोरलीने दोघांनाही फाटकापर्यंत पोचवून कडी लावून घेतली होती. ही तिसरी मात्र करवत न घेता आली. हातोडी, वही आणि पेन्सिल, बस्स. पेन्सिलही कानावर.

"बुंधा ठणठणीत आहे," झाडवाली अखेर म्हणाली. "दुखणं वर आहे. याचं डोकं कुणी मारलं?"

थोरलीने पदर सारखा केला. मग कागदांची घडी सारखी केली.

"मारलं असेल कुणीतरी."

"पाच-सहा वर्षं झाली असतील. शिडी लावून, कुऱ्हाडीने, मुख्य फांद्या सरळ मधोमध तोडल्यात. कुणातरी अडाण्याचं काम आहे."

"असेल, असेल."

"अशा तोडलेल्या ठिकाणी झाड घाबरून भराभर फुटवे काढतं. हे बघा, झाडूसारखे. दिसायला जोमदार, पण जोड कच्चा. वाढले, जड झाले की वाऱ्यात मोडून येतात. मागच्या वादळात एक आला ना खाली?"

आला होता. भिंतीपलीकडच्या शेडवर, बरोबर पहाटे, आणि पत्र्याचा आवाज ऐकून थोरली अंथरुणात ताडकन उठून बसली होती. पलीकडे दिवा लागेपर्यंत तिने श्वास घेतला नव्हता. दिवा लागला, खोकल्याचा आवाज आला, झाडाला उद्देशून चार शब्द आले आणि मग ती पडली, पण झोप काही लागली नाही. सकाळी तिने बघितलं, पुढचा फुटवा थेट पलीकडच्या झोपायच्या खोलीवर होता. मांडीएवढा जाड. त्याच दिवशी तिने झाडाचं माणूस शोधायला सुरुवात केली.

पलीकडे तिची धाकटी बहीण राहत होती. सहा वर्षं दोघींमध्ये एक शब्द नव्हता.

वडिलांनी दोघींसाठी शेजारीशेजारी घरं बांधली, एक डावं, एक उजवं, बाकी तंतोतंत सारखी. हद्दीवर तुती लावली, म्हणजे फळांवरून भांडायला नको. फळांवरून भांडण झालं नाही, हे त्यांचं खरंच झालं. सहा वर्षांपूर्वी धाकटी लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने गेली. त्या वर्षी तुती पिकली ती अशी, की थोरलीची फरशी, चादरी, पांढऱ्या साड्या, सगळं जांभळं. एक दिवस तिचं डोकं फिरलं आणि तिने रस्त्यावरून जाणाऱ्या शिडीवाल्याला हाक मारली. धाकटी परतली तेव्हा झाडाच्या जागी चार ठोकळे हात वर करून उभे होते.

आणि वर थोरली म्हणाली, "झाडच तर आहे. केसांसारखं वाढेल."

धाकटी घरात गेली. थोरलीला वाटलं, दोन दिवस फुगेल आणि तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन येईल. तिसऱ्या दिवशी गवंडी आला. कमरेएवढ्या भिंतीवर त्याने दोन थर चढवले. मग थोरलीलाही चेव आला, तिने आणखी दोन चढवले. मग पलीकडून दोन. भिंत डोक्यावर गेली तेव्हा कुठे दोघींचा जीव थंड झाला. एरवी घरातली कुठलीही गोष्ट दोघींनी मिळून इतक्या नेटाने पुरी केली नव्हती.

चुकलं होतं, हे थोरलीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कळणं सोपं असतं हो. सांगायचं कसं, हे मात्र तिला सहा वर्षांत जमलं नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी धाकट्या बहिणीच्या दारात जाऊन काय म्हणायचं? आणि तिने दार लावून घेतलं तर? या 'तर'पाशी थोरलीचं घोडं दरवेळी अडायचं.

"मारलेलं डोकं परत येत नाही," झाडवाली वही मिटत म्हणाली. "पण यातले चांगले फुटवे निवडून ठेवायचे, बाकीचे उतरवायचे. दर दोन-तीन वर्षांनी हात फिरवला की नवी फांदी धरेल. झाड वाचेल. फक्त बुंधा हद्दीवर आहे, तेव्हा पलीकडचीही सही लागेल."

"ती देणार नाही."

"का?"

"मी मागतेय म्हणून."

झाडवालीने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग वर तोडलेल्या फांद्यांकडे. पेन्सिल कानावर ठेवली.

"मीच जाऊन येते," ती म्हणाली.

पाच मिनिटांत ती सही घेऊन परत आली. थोरलीने सही निरखली. तेच लफ्फेदार अक्षर. शाळेत असल्यापासून शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर जायची.

"काही म्हणाली का?"

"म्हणाल्या, काम नीट करा. आणि मागचं काम कुणी केलं ते विचारू नका, नाहीतर मी सांगत बसेन आणि तुमचा दिवस जाईल."

थोरलीने कागद घडी करून दिला. तिला हसू आलं होतं, ते तिने खोकल्यात लपवलं.

कामाच्या दिवशी झाडवाली आठाच्या ठोक्याला आली. बरोबर नवरा. तोच तिचा दोरीवाला. ती वर फांद्या बांधायची, कापायची आणि तो बुंध्याशी उभा राहून दोरीने त्या सावकाश खाली सोडायचा. बोलायला अगदी कमी. नमस्कारसुद्धा मानेनेच.

"आमचं तिसरं माणूस आज तापाने पडलंय," झाडवाली कमरेला पट्टा आवळत म्हणाली. "दोरीवाल्याने वर बघायचं असतं. खाली बघायला माणूस वेगळं लागतं. आणि ही तुमची भिंत, बापरे! एका बाजूचं माणूस दुसरीकडचं बघूच शकत नाही. म्हणजे दोन माणसं हवीत. दोन्हीकडे एकेक."

"मग आज राहू दे," थोरली म्हणाली.

"का राहू दे? तुम्ही आहात, त्या आहेत. हेल्मेटं दोन जास्तीची आणलीत. मी वरून विचारेन, 'खाली?' तुमच्याकडे फांदीखाली कुणी नसेल तर तुम्ही म्हणायचं, 'मोकळं!' त्यांनीही म्हणायचं. दोन्हीकडून आल्याशिवाय माझी करवत चालत नाही. एकजण जरी गप्प राहिली तरी मी वर मांडी घालून बसून राहीन. मला काय, वारा छान असतो."

"अगं पण आम्ही..."

"एकमेकींशी कुठे बोलायचंय? माझ्याशी बोला."

तिने हेल्मेट घातलं, ते मागे सरकलं, पुढे ओढलं तर नाकावर आलं. मागच्या दाराशी आखून दिलेल्या जागेवर ती उभी राहिली. भिंतीपलीकडे झाडवालीचा आवाज ऐकू आला, तेच सगळं पुन्हा सांगणारा, आणि मग धाकटीचा.

"हे हेल्मेट धुतलेलं आहे ना?"

दोर वर गेला, मागोमाग झाडवाली गेली. साठ वर्षांच्या झाडावर ती इतकी अलगद चढली की थोरलीच्या मनात आलं, ही बाई सहा वर्षांपूर्वी कुठे होती?

"खाली?"

थोरलीने घसा खाकरला. "मोकळं."

पलीकडे काहीच नाही. थोरली पायाच्या बोटांकडे बघत राहिली.

"मोकळं," पलीकडून आलं. शाळेत हजेरी देताना म्हणतात तसं कोरडं.

करवत चालली. पहिला फुटवा दोरीला लोंबकळत खाली आला, दोरीवाल्याने तो लहान मुलाला उतरवावं तसा जमिनीवर टेकवला.

"खाली?"

"मोकळं."

"मोकळं."

सुरुवातीला थोरली आधी म्हणायची आणि पलीकडून मुद्दाम वेळ लावून यायचं. पाच-सहा फांद्यांनंतर थोरलीनेही वेळ लावून बघितला. तर धाकटीने तिच्याहून जास्त लावला. झाडवाली खरंच मांडी घालून बसली आणि पाण्याची बाटली काढली.

"माझा दिवस तुमचाच आहे," ती वरून म्हणाली. "पण दोरीवाल्याला भूक लागते."

त्यानंतर दोघी लवकर म्हणू लागल्या. मग आधी कोण म्हणतं याची चढाओढ लागली. एकदा दोघींचं एकाच क्षणी आलं, तेव्हा थोरली दचकली आणि पुढच्या वेळी उगाच हळू म्हणाली. धाकटीचा आवाज जरा जाड झाला होता. सर्दी असेल. तिला दरवर्षी या दिवसांत होते. औषध घेते की नाही, देव जाणे.

अकराव्या फांदीला झाडवालीने विचारलं आणि थोरलीने उत्तर दिलं, तोच पलीकडून किंकाळी आली.

"थांबा, थांबा! मांजर!"

थोरलीचा हात भिंतीवर गेला.

"अगं ए, हो बाजूला! फांदीखाली आंघोळ करायला बसलीय बघा. बाईसाहेब! उठा की! हं, निघाली. शेपटी तरी उचल... गेली. मोकळं."

थोरली हसली. हसली म्हणजे चांगली मोठ्याने हसली, पोट धरून, कारण हा सूर तिला पुरा ओळखीचा होता, लहानपणी पाहुण्यांच्या पोरांना ओसरीवरून उठवायचा. तोंडावर हात जाईपर्यंत आवाज भिंतीपलीकडे पोचलाही होता.

मग वरून "खाली?" आलं.

"इकडेही मोकळं," थोरली म्हणाली. एक शब्द जास्तीचा गेला होता.

"इकडे तर कधीचं मोकळं आहे," पलीकडून आलं. "काही लोकांना वेळ लागतो."

"काही लोक मांजरं सांभाळत बसतात," थोरली झाडाला म्हणाली.

"मांजर माझी नाही. काही लोक दूध ठेवतात, म्हणून येते."

दूध थोरलीच ठेवायची. हे पलीकडे माहीत होतं तर! ती हेल्मेट सारखं करत बसली. वर झाडवाली पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते.

दुपारी झाडवाली आणि दोरीवाला डबा खायला बसली आणि दोघी आपापल्या घरात गेल्या. थोरली जेवली काय, गिळली. तिला सारखं वाटत होतं, सुट्टी संपावी. आरशात बघितलं तर हेल्मेटने केस चपटे बसले होते आणि गालांवर लाली आली होती. या वयात लाली! ती स्वतःवरच चिडली आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी जागेवर जाऊन उभी राहिली.

तीस फांद्यांनंतर तिचा आवाज बसायला लागला. एरवी दिवसभरात ती बोलायची कुणाशी? मुलगा रविवारी फोन करायचा तेवढाच. इतकं ओरडायची सवय कुठे राहिली होती? "मोकळं"मधला 'मो' कुठेतरी अडकून बसला, नुसतं 'कळं' बाहेर यायचं. चौतीस, पस्तीस. आता फक्त तो मांडीएवढा राहिला होता, धाकटीच्या झोपायच्या खोलीवरचा.

झाडवालीने त्याला दोन ठिकाणी दोर बांधले. ताणून बघितले. पुन्हा बांधले.

"शेवटचा," ती म्हणाली. "आणि सगळ्यात मोठा. खाली?"

"मोकळं," थोरली घोगऱ्या आवाजात म्हणाली.

पलीकडून काही नाही.

"पलीकडे, खाली?"

काही नाही. थोरली थांबली. खोडी काढत असेल. सकाळी नाही का काढली!

"मावशी, पलीकडे कुणी दिसतंय का? मला मधे पानं आहेत."

"मला भिंत आहे!" थोरली म्हणाली. शेडवर फुटवा कोसळला ती पहाट तिला आठवली. सकाळपासून उन्हात उभी आहे. त्रेसष्ट वय. रक्तदाबाची गोळी विसरण्यात पहिला नंबर. चक्कर येऊन पडली असेल तर? त्याच फांदीखाली पडली असेल तर?

"भिंगरे!"

लहानपणी एका जागी न ठरणाऱ्या बहिणीला तीच म्हणायची असं. सहा वर्षांत हा शब्द तिने मनातसुद्धा येऊ दिला नव्हता. आता तो फाटक्या आवाजात निघाला आणि भिंतीवर आपटून परत आला.

"भिंगरे, ए भिंगरे! ओ दे!"

दोरीवाल्याने मान वळवली, फाटकाकडे बोट केलं आणि बोलायला तोंड उघडलं, पण त्याचा पहिला शब्द जुळून येईपर्यंत थोरली मागच्या दाराने बाहेर पडली होती. बोळातून, अनवाणी, हेल्मेटसकट. ज्या बोळातून ती सहा वर्षं मान वळवून जायची, तिथून ती धाकटीच्या मागच्या दाराने सरळ आत घुसली.

अंगण रिकामं होतं. आखलेल्या जागेवर कुणी नव्हतं. फांदीखालीही नव्हतं. थोरलीने शेडमागे बघितलं, न्हाणीत बघितलं, स्वयंपाकघरात डोकावली. गॅस भडकलेला, वर पातेल्यात पाणी उकळून निम्मं झालेलं, शेजारी मिठाची बरणी उघडी. हे तिचंच. गॅस लावायचा आणि निघून जायचं. थोरलीने गॅस बंद केला.

"ताई कुठे गेली?"

आवाज भिंतीपलीकडून आला. तिच्या स्वतःच्या अंगणातून.

थोरली पळत अंगणात आली. "तू तिकडे काय करतेस?"

"तू तिकडे काय करतेस?"

"तू ओ दिली नाहीस!"

"मी रस्त्यावर होते, ओ कशी देणार? सकाळपासून ओरडून तुझा आवाज बसलाय. गुळण्यांना पाणी आणलंय, मिठाचं. हातात ग्लास आहे माझ्या, चटके बसतायत. आणि इथे येऊन बघते तर बाई गायब. हे दादा नुसते बोट दाखवतायत."

थोरली भिंतीला टेकली. धाकटी पाणी घेऊन गेली. पुढच्या फाटकाने, आपणहून, कुणी बोलावलं नसताना.

"दोघी जागेवर आहात का?" झाडवालीने वरून विचारलं. "म्हणजे उलटसुलट का होईना? मला चालेल. जरा मागे सरका. खाली?"

"मोकळं," थोरली धाकटीच्या अंगणातून म्हणाली.

"मोकळं," धाकटी थोरलीच्या अंगणातून म्हणाली.

करवत बराच वेळ चालली. मांडीएवढा फुटवा कलला, दोरांवर तोलला आणि तसाच तरंगत, छपराचं एक कौलही न हलवता, भिंतीवरून पलीकडे उतरला. छपरावर एकदम ऊन पडलं. थोरली त्या छपराकडे बघत राहिली. खाली बहिणीची खाट होती. आज रात्री वारा सुटला तरी चालणार होतं.

"भिंगरे," ती म्हणाली.

"काय?"

"माझं चुकलं. तेव्हा."

तिने कान भिंतीला लावला.

"ऐकलंस का?"

"नाही ऐकू आलं."

थोरलीने घसा खाकरला, जोर लावला. "माझं चुकलं! झाडाचं! आणि वर म्हणाले ना, झाडच तर आहे, ते तर फारच चुकलं!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

"नाही ऐकू आलं," पलीकडून पुन्हा.

"मावशी, मला इथे वर ऐकू आलं!" झाडवाली म्हणाली.

"तुम्हाला आलं असेल," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जाडच होता, पण आता तो सर्दीने वाटत नव्हता. "सहा वर्षं वाट बघतेय मी. भिंतीवरून नाही ऐकणार."

थोरलीने हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं. चपटे केस हाताने सारखे केले.

"थांब तिथेच," ती म्हणाली. "हलू नकोस. येते."

आणि ती पुढच्या फाटकाने निघाली, धाकटी आली होती त्याच वाटेने.